सुटे भाग

‘हेलिकॉप्टर’ हा शब्द कुणाला तोडून दाखवायला सांगितला, तर तो बहुधा ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे त्याचे दोन तुकडे करील. हेलिपॅड, हेलिपोर्ट, क्वाडकॉप्टर हे नंतरचे शब्द याच तोडीवर उभे राहिले आहेत. वस्तुतः शब्दाचा मूळ सांधा तेथे नाही. १८६१ साली गुस्ताव पाँताँ द’आमेकूर या फ्रेंच गृहस्थांनी ग्रीक भाषेतील ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्री पीळ आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख या दोन शब्दांवरून तो घडविला. त्याची खरी फोड ‘हेलिको’ आणि ‘प्टेर’ अशी होते. टेरोडॅक्टिल या लुप्त झालेल्या उडत्या प्राण्याच्या नावाच्या आरंभी रोमन लिपीत जो मुका ‘प’ लिहिला जातो, तो याच ‘प्टेर’मधला. शब्दाच्या आरंभी ‘प्ट’ हे जोडाक्षर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेला अवघड वाटले, म्हणून त्यांनी सांधा आपल्या सोयीच्या जागी हलविला. आपल्याकडेही असे घडले आहे. ‘असुर’ या प्राचीन शब्दातील ‘अ’ हा नकारवाचक नव्हता. पुढे तो तसा मानला गेला आणि ‘जे असुर नाहीत ते सुर’ असा देववाचक शब्द आपण तयार करून घेतला.

समासांवर प्रबंध लिहिलेल्या माणसाला अशा फोडी गोळा करण्याची खोडच लागते. वर्गात हे उदाहरण मी वर्षानुवर्षे देत आले आहे आणि विद्यार्थ्यांना ते आवडतेही. पण ज्या यंत्राच्या नावाची ही चर्चा, ते यंत्र खरोखर सुट्या भागांच्या रूपात मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम पाहिले. माझ्या भाच्याने आजोबांसाठी एक खोके पाठविले होते. खोक्यावर ‘अलुएत-३’ या फ्रेंच हेलिकॉप्टरचे रंगीत चित्र होते. आत राखाडी प्लॅस्टिकच्या तीन चौकटी, पारदर्शक प्लॅस्टिकची एक लहान चौकट, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा कागद आणि घडी घातलेले एक मार्गदर्शनपत्रक एवढाच ऐवज होता. झाडाला फळे लागावीत तसे चौकटींना भाग लागलेले होते आणि प्रत्येक भागाशेजारी एक आकडा होता. प्रमाण एकास बहात्तर. सहा फूट उंचीचा माणूस एक इंचात बसवायचा, या हिशेबातून हे प्रमाण आलेले आहे. खऱ्या अलुएत-३ च्या पंख्याचा व्यास ११.०२ मीटर असतो, तो येथे १५ सेंटीमीटरांच्या थोडा वर भरतो.

‘अलुएत’ म्हणजे चंडोल पक्षी. १९५९ साली फ्रान्समध्ये प्रथम उडालेले हे यंत्र १९६२ च्या करारानुसार बंगळूरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९६५ साली तेथे जुळविलेल्या पहिल्या यंत्राने उड्डाण केले. भारतात त्याचे नाव ‘चेतक’ झाले. भाषांतरात चंडोल फ्रान्समध्येच राहिला आणि यंत्राला राणा प्रतापांचा घोडा मिळाला. नाशिककरांना हे यंत्र नवे नाही. तेथील गांधीनगरच्या धावपट्टीवर सैन्याचे वैमानिक चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांवर शिक्षण घेतात. माझ्या घरात मात्र हा शब्द आकाशातून आला नाही, तो अण्णांच्या बोलण्यातून आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वायुसेनेत वीस वर्षे त्यांनी चेतकची देखभाल केली. ते वैमानिक नव्हते. यंत्र उडण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर ज्यांचे हात त्यावरून फिरतात, त्यांच्यापैकी ते एक होते. निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्याला स्थायिक झालो. लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांची एक वेगळीच मराठी माझ्या कानांत आहे. ‘रोटर’, ‘ग्रीस’, ‘टॉर्क’ हे शब्द तिच्यात सरळ मराठी विभक्तिप्रत्यय घेऊन येत. ‘रोटरला ग्रीस मारलं का’ हे वाक्य आमच्या घरात विनोदाने पंख्याविषयी, शिलाईयंत्राविषयी, क्वचित माझ्या अभ्यासाविषयीही वापरले जाई.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय दुबळा झाला. पाय पुढे बराच सावरला, हात फारसा सावरला नाही. त्याहून मोठी हानी बोलण्याची झाली. समोरचा काय म्हणतो ते त्यांना कळे, भावही ओळखता येत, पण वस्तूचे नाव विचारले की शब्द सापडत नसे. चष्मा हवा असला की ते ‘ते… वाचायचं’ म्हणत. पाण्याला ‘प्यायचं’, खिडकीला ‘उजेड’. आईचे नाव त्यांना तीन महिने घेता आले नाही. अर्थात ते त्यांनी जन्मात कधी घेतलेले नव्हते, असे आई म्हणे आणि हसे, आणि मग आत निघून जाई.

या विकाराला वाचाघात म्हणतात. त्याच्या अभ्यासाचा आरंभ ज्या प्रसंगापासून मानला जातो, तोही १८६१ मधलाच. त्या वर्षी पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे एक रुग्ण आला. तो दुसऱ्याचे बोलणे समजू शके, पण त्याच्या तोंडून ‘तान’ एवढेच अक्षर निघे आणि रुग्णालयात सारे त्याला त्याच नावाने ओळखत. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग विकृत झालेला आढळला. भाषेचे घर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, हे यानंतर हळूहळू प्रस्थापित झाले. हा इतिहास मी अनेकदा शिकविला होता. आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला मनुष्य त्या इतिहासाचा एक परिच्छेद होतो, तेव्हा तो शिकविणे निराळे होते.

एक वाचा-उपचारतज्ज्ञ बाई आठवड्यातून दोनदा घरी येत. त्या समंजस आणि कुशल होत्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते : आंबा, घड्याळ, छत्री, गाय. पत्ता दाखवायचा आणि नाव विचारायचे, हा रूढ आणि उपयुक्त सराव आहे. पण अण्णा पहिल्या महिन्यानंतर पत्ते आले की भिंतीकडे पाहू लागले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुणी आंबा दाखवून ‘हे काय?’ असे विचारते, तेव्हा त्याला उत्तर येत नाही एवढेच दुःख नसते. तो प्रश्न आपल्याला विचारला जात आहे, याचेही दुःख असते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून, वयाच्या तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक हाती धरीत असाल. प्रौढ माणसाला आरंभापासून सुरुवात करताना काय गिळावे लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको. अण्णा हळूहळू बोलेनासे झाले. जो शब्द येईल तोही ते टाळू लागले.

खोके आले ते या काळात. अण्णांनी ते डाव्या हाताने उघडले, पारदर्शक चौकट उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. चेतकच्या पुढच्या भागाला मोठी काच असते. तीत वैमानिकासह सात माणसे बसतात. अण्णांनी ती चौकट माझ्यापुढे ठेवली आणि मार्गदर्शनपत्रकावर बोट टेकवले. करणारे हात माझे असणार आणि जाणणारा मेंदू त्यांचा, ही वाटणी त्याच क्षणी ठरली.

ते मार्गदर्शनपत्रक पाहून माझ्यातील भाषाभ्यासक जागा झाला. त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. आकडे, बाण आणि आकृत्या, एवढ्यावरच सारी भिस्त होती. त्याचे व्याकरण म्हणजे क्रम. आसने, मागचा पडदा, चालकाचे दांडे हे आधी रंगवून खालच्या तळावर बसवायचे आणि मगच धडाचे डावे-उजवे अर्धे भाग मिटवायचे. एकदा धड मिटले की आत हात जात नाही. नाकाशी एकच चाक आणि मागे लांब शेपूट असल्यामुळे प्रतिकृती मागे कलंडू नये म्हणून तळाखाली वजन लपवावे लागते. त्यासाठी अण्णांनी मासे धरण्याच्या गळाचे शिसे आणवले. ‘शिसे’ हा शब्द त्यांना आला नाही. त्यांनी गळ टाकल्याचा अभिनय केला आणि आईला तो ताबडतोब कळला.

या कामाची म्हणून एक शिस्त असते, ती मी हळूहळू शिकले. भाग चौकटीपासून पिळून तोडायचा नाही, धारदार कटरने सांध्यापासून किंचित दूर कापायचा आणि उरलेला कोंब कानशीने व पॉलिश पेपरने घासायचा. प्लॅस्टिक जोडण्याचा पातळ डिंक खऱ्या अर्थाने चिकटवीत नाही. तो दोन्ही कडा क्षणभर विरघळवितो आणि त्या एकमेकींत मिसळून एक होतात. काचेसाठी मात्र तो चालत नाही आणि झटपट चिकटणारा डिंकही चालत नाही, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढुरके सावट येते. तेथे साधा फेव्हिकॉल उत्तम. तो वाळला की दिसेनासा होतो. धडाच्या सांध्यात फट राहिली तर रंगारी भिंतीला भरतात तशी लांबी भरायची, वाळू द्यायची, घासायची आणि बोटाचे टोक फिरवून पाहायचे. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला लागते. अण्णा प्रत्येक वेळी आपल्या डाव्या हाताची तर्जनी त्या सांध्यावरून फिरवीत. पसंत नसले की मान हलवीत, पसंत असले की ‘हं’ म्हणत. या ‘हं’साठी मी एका सांध्यावर दोन संध्याकाळी घालविल्या आहेत.

प्रमाण लहान करणे म्हणजे केवळ आकार आटविणे नव्हे, काय गाळायचे हे ठरविणे होय. खऱ्या यंत्रावरची एक सेंटीमीटरची फट या प्रमाणात मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी होते. ती डोळ्यांना दिसावी म्हणून प्रतिकृती करणारे तिला थोडी अधिक रुंद ठेवतात. उलट शेकडो रिव्हेटे सरळ सोडून देतात. म्हणजे हुबेहूबपणासाठीही थोडा खोटेपणा लागतो. खोक्यातील पंख्याची तीन पाती अगदी सरळ होती. अण्णांनी ती पाहिली आणि मान हलवली. मला कारण कळेना. त्यांनी डावा तळवा आडवा धरला आणि बोटांची टोके अलगद खाली झुकवली. मग मनगट फिरवले आणि फिरविता फिरविता बोटे पुन्हा ताठ केली. उभ्या हेलिकॉप्टरची लांब पाती आपल्याच भाराने टोकाशी वाकतात. पंखा वेगाने फिरू लागला की बाहेर खेचणाऱ्या जोराने ती ताठ होतात. एका तळहातात त्यांनी हे दोन्ही सांगितले होते आणि त्याला एकही नाम लागले नव्हते. मी पाती गरम पाण्यात धरून हलकेच वाकविली. अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात रोमान याकबसन यांचे नाव तुमच्या वाचनात आले असेल. १९५६ साली त्यांनी वाचाघातावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बोलताना आपण एकाच वेळी दोन कामे करतो. साठ्यातून शब्द निवडतो आणि निवडलेले शब्द एकापुढे एक जुळवितो. वाचाघातात यांपैकी कधी निवड बिघडते, कधी जुळणी. जुळणी बिघडलेल्या माणसाचे वाक्य कोसळते आणि शब्दांचा नुसता ढीग उरतो. निवड बिघडलेल्याला सुटी वस्तू दाखवून नाव विचारले तर ते येत नाही. तो त्या वस्तूचा उपयोग सांगतो, तिच्या शेजारची गोष्ट सांगतो. पण शब्दाच्या मागेपुढे संदर्भाची साखळी असेल, तर तोच शब्द त्या साखळीतून ओढला जाऊन बाहेर येऊ शकतो. चष्म्याला ‘वाचायचं’ आणि खिडकीला ‘उजेड’ म्हणणारे अण्णा कोणत्या बाजूचे, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखले होते. पण ओळखणे आणि उपयोगाला येणे यांत अंतर असते.

प्रतिकृती पुरी व्हायला अडीच महिने लागले. रंग अण्णांनी ठरविला : हिरव्यात थोडा राखाडी. मी मिश्रण करून पुठ्ठ्यावर लावून दाखवी आणि ते मान हलवीत. सहाव्या खेपेला ‘हं’ आले. चिन्हांच्या कागदावर फ्रेंच वर्तुळे होती. बाहेर लाल, मध्ये पांढरे, आत निळे. ती चिकटवून वाळू दिली आणि बारीक कुंचल्याने लालावर केशरी व निळ्यावर हिरवा रंग चढविला. पांढऱ्या कड्याला हात लावावा लागला नाही. शेवटी शेपटीचा छोटा पंखा बसविला. वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा धड उलट दिशेने गरगरू पाहते. त्या गरगरण्याला हा छोटा पंखा आवर घालतो. ‘टॉर्क’ या शब्दाचा अर्थ मला लहानपणी अण्णांनी याच उदाहरणाने समजावला होता.

त्या संध्याकाळी प्रतिकृती टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा अण्णा टेबलाशी उभे होते. त्यांनी खुर्ची बाजूला सारली होती आणि डाव्या हाताची तर्जनी हेलिकॉप्टरच्या नाकावर टेकवली होती. बोट काचेवरून पुढे सरकले. ‘काच,’ ते म्हणाले. मग खाली : ‘टायर.’ मग बाजूने : ‘दार… कडी.’ ते टेबलाभोवती एक पाऊल सरकले. बोट इंजिनावर गेले. चेतकचे इंजिन उघडेच, धडाच्या पाठीवर असते. ‘ऑइल,’ ते म्हणाले. पुढे शेपटीच्या दांड्यावरून बोट सरकत शेवटी पोचले आणि स्पष्ट, कोरड्या, कामावरच्या आवाजात शब्द आला : ‘टेल रोटर.’ मग दुसऱ्या बाजूने ते परत नाकापर्यंत आले. उड्डाणापूर्वीची तपासणी अशीच करतात. नाकापासून आरंभ करून यंत्राभोवती एक फेरा, ठरलेल्या जागी ठरलेली नजर. वीस वर्षे रोज केलेला तो फेरा त्यांच्या अंगात होता आणि फेऱ्याला बांधलेले शब्द त्याच्याबरोबर होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. तपासणी चालू असताना मध्ये बोलायचे नसते, हे आम्हांला ठाऊक होते.

दोन दिवसांनी वाचातज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी शेपटीकडे बोट करून ‘हे काय?’ असे विचारले. शब्द आला नाही. मी त्यांना आदल्या संध्याकाळची हकिकत सांगितली. बाईंनी पत्ते पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, “काका, मला हे तपासून दाखवता का? अगदी पहिल्यापासून.” अण्णा उठले. नाकापासून निघाले आणि शेपटीशी पोचताच शब्द आला. त्या दिवसापासून बाईंनी सरावाची पद्धत बदलली. नावे विचारायची नाहीत, क्रम करवून घ्यायचा. चहा करणे, दाढी करणे, बँकेचे पासबुक भरून आणणे. हा चमत्कार नव्हे, हेही सांगितले पाहिजे. क्रमात आलेले सारेच शब्द पुढे सुटे येऊ लागले नाहीत आणि काही दिवस क्रमही मध्येच तुटे. पण साखर, आधण, दूध, गाळणी हे शब्द दिवाळीपर्यंत परतले. चहा करताना ते आले आणि मग कधीकधी चहावाचूनही येऊ लागले. भिंतीकडे पाहणे थांबले.

त्या दिवशी बाईंसमोर फेरा पुरा झाल्यावर अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखे केले. मी पेन दिले. त्यांनी ते शब्दविरहित मार्गदर्शनपत्रक ओढून घेतले, उलटे करून तळाशी कोरी जागा शोधली आणि डाव्या हाताने, वेडीवाकडी पण पूर्ण अशी आपली सही केली. खाली तारीख घातली. तपासणी करणाऱ्याची सही झाल्याशिवाय यंत्र वैमानिकाच्या ताब्यात देत नाहीत.